दोन दिवसांचा महाराष्ट्र : शनिवार-रविवारच्या सहलींच्या नियोजनाचा आढावा

महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार ७०० चौरस किलोमीटर असून विस्ताराने राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्यानंतर देशात त्याचाच क्रम लागतो. समुद्रालगतची कोकणपट्टी, तिच्या पाठीशी उभी असलेली सह्याद्रीची रांग, घाटमाथ्याच्या पूर्वेचे अवर्षणप्रवण पठार, उत्तरेकडील सातपुडा आणि पूर्व टोकाची झाडीपट्टी असे परस्परांशी फारसे साम्य नसलेले भूप्रदेश या एका राज्यात एकत्र आले आहेत. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, झाडीबोली या मराठीच्या बोली आणि त्यांच्या शेजारी कोरकू, गोंडी, माडिया, भिली या भाषा बोलणारे समाजही येथे नांदतात. असे असूनही आठवड्याच्या सुट्टीत कुठे जावे, या प्रश्नाची उत्तरे लोणावळा, महाबळेश्वर, माथेरान, अलिबाग अशा मोजक्या नावांभोवती फिरत राहतात आणि उरलेला महाराष्ट्र 'कधीतरी सवडीने' पाहण्याच्या यादीत पडून राहतो. दोन दिवसांच्या सहलीची कल्पना येथे कशी रुजली, अंतर, ऋतू, सण-जत्रा, मुक्काम आणि गर्दी या घटकांचा तिच्या नियोजनावर काय परिणाम होतो, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. 'कुठे जावे' हा या नियोजनातील शेवटचा प्रश्न असून 'कुठून निघावे' आणि 'कधी निघावे' हे दोन प्रश्न आधी सुटल्यास त्याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळते, हे या आढाव्याचे मुख्य प्रतिपादन आहे.

सुट्टीची घडण

आठवड्याची ठरलेली सुट्टी ही महाराष्ट्रात औद्योगिक काळाची देणगी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळू लागली. त्याआधी, आणि खेड्यापाड्यांत त्यानंतरही बराच काळ, प्रवासाचे निमित्त म्हणजे वारी, जत्रा, लग्नकार्य किंवा माहेरपण असे आणि त्याचे वेळापत्रक पंचांगाने व शेतीच्या हंगामाने ठरत असे. शनिवारही मोकळा मिळण्याची पद्धत खासगी कंपन्यांतून पसरली. राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. दोन रात्री किंवा एक रात्र बाहेर काढून सोमवारी कामावर हजर होणारा मोठा पगारदार वर्ग तयार होणे, ही म्हणजे अगदी अलीकडची गोष्ट आहे.

या वर्गाने सहलीची ठिकाणे मात्र जुन्या यादीतून घेतली. महाबळेश्वर हे आरोग्यस्थान १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने वसू लागले. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी माथेरानचा डोंगर प्रकाशात आणला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागल्यावर खंडाळा-लोणावळा मुंबईच्या टप्प्यात आले आणि १९०७ मध्ये नेरळहून माथेरानला छोटी गाडी चढू लागली. ही थंड हवेची ठिकाणे ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आणि मुंबईच्या धनिकांनी उन्हाळ्याचे कित्येक आठवडे घालवण्यासाठी वसवली होती. बंगले, बाजारपेठ, फिरण्याच्या वाटा आणि ठरावीक 'पॉइंट' अशी त्यांची रचना दीर्घ मुक्कामाला साजेशी आहे. तीच रचना आज दीड दिवसात उरकण्याचा प्रयत्न केला जातो आणि त्यातूनच एकामागून एक पॉइंट 'मारण्याची' सवय लागली आहे.

दुसरी परंपरा दुर्गभ्रमंतीची. गो. नी. दांडेकरांचे 'दुर्गभ्रमणगाथा', प्र. के. घाणेकरांचे 'साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची!!', मिलिंद गुणाजींचे 'माझी मुलुखगिरी' अशा पुस्तकांनी आणि गावोगावच्या गिर्यारोहण मंडळांनी शनिवारी रात्रीची शेवटची एसटी पकडून पायथ्याचे गाव गाठण्याची, देवळात पथारी टाकण्याची आणि रविवारी संध्याकाळी परतण्याची रीत मध्यमवर्गीय तरुणांत रुजवली. वेळेचे आणि पैशाचे भान या परंपरेत पहिल्यापासून होते. तिची मर्यादा भौगोलिक होती: मुंबई, पुणे आणि नाशिक यांच्या मधला सह्याद्री हेच तिचे मुख्य क्षेत्र राहिले. नवेगावबांध आणि विदर्भातील इतर जंगलांविषयी मारुती चितमपल्ली यांनी विपुल लिहिले. पण ते लेखन निसर्गाच्या अभ्यासकांत अधिक वाचले गेले, सहलीच्या बेतात त्याचा उपयोग क्वचितच झाला. सहलीच्या पुस्तकांतील आणि पुरवण्यांतील मजकूर बहुधा मुंबई-पुण्याच्या वाचकाला समोर ठेवून लिहिला गेला, त्यामुळे नागपूर, सोलापूर किंवा नांदेडच्या वाचकाला तो आपल्या गावापासून पुन्हा मोजून घ्यावा लागतो.

कुठून : कालपरीघाचा विचार

या नियोजनासाठी 'कालपरीघ' ही संकल्पना उपयोगी पडते. निघण्याच्या ठिकाणापासून ठरावीक तासांत गाठता येणारा प्रदेश म्हणजे त्या ठिकाणाचा कालपरीघ. तो किलोमीटरने आखलेल्या वर्तुळासारखा गोल नसतो, चांगल्या रस्त्याच्या दिशेने लांबतो आणि घाटाच्या दिशेने आखडतो. शनिवारी सकाळी सहाला निघून रविवारी संध्याकाळी सहाला परतायचे ठरवल्यास ३६ तास हाताशी येतात. त्यांतून झोपेचे आठ तास वजा केले तर २८ उरतात. एका बाजूच्या प्रवासाला सहा तास लागत असतील तर त्यांतले बारा तास रस्त्यावरच संपतात आणि आंघोळ-जेवणाचा वेळ वगळता पाहण्या-अनुभवण्यासाठी जेमतेम एक दिवस राहतो. म्हणून एका बाजूला चार तास ही साधारण मर्यादा धरणे शहाणपणाचे ठरते. शुक्रवारी रात्रीच निघता येत असेल किंवा जोडून एखादी रजा टाकता येत असेल, तरच ती ओलांडावी.

रस्त्यांतील बदलांनी हे कालपरीघ सतत बदलत आले आहेत. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने दोन्ही शहरांचे परीघ एकमेकांत मिसळले. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूने दक्षिण मुंबईतून रायगड जिल्ह्यात उतरण्याचा वेळ घटवला. ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि त्याच्या काठच्या ठिकाणांचा हिशेब नव्याने मांडावा लागला. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे याचे ठळक उदाहरण आहे. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने तयार झालेले, खाऱ्या पाण्याचे, काठावर यादवकालीन मंदिरे असलेले आणि २०२० मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झालेले हे सरोवर पूर्वी नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या दोन्ही शहरांना आडवळणी वाटे. आता मेहकरजवळ महामार्ग सोडून ते दोन्ही बाजूंनी एका मुक्कामाच्या टप्प्यात आले आहे. याउलट, द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी खंडाळा घाटात लागणाऱ्या रांगांमुळे मुंबईकरांचे लोणावळा नकाशावर जवळ असूनही प्रत्यक्षात लांब पडते.

केंद्र बदलले की महाराष्ट्राचे चित्रही बदलते. नागपूरकरांच्या कालपरीघात रामटेकचा गड, गांधीजींचे सेवाग्राम, विनोबांचे पवनार, पेंच, नागझिरा आणि ताडोबा येतात. महाराष्ट्रातील सहा व्याघ्रप्रकल्पांपैकी पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा आणि ताडोबा-अंधारी हे चार नागपूरपासून सहज गाठता येतात, तर मेळघाटसाठी अमरावती हे अधिक सोयीचे केंद्र ठरते. कोल्हापूरकरांना पन्हाळा अर्ध्या दिवसाचा असतो. राधानगरीचे गव्यांचे अभयारण्य, कृष्णाकाठची नरसोबाची वाडी आणि खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराचा खांबांवर पेललेला, वर आकाशाला उघडा असलेला स्वर्गमंडप हे सारे एका मुक्कामात बसते. सोलापूरहून तुळजापूर, अक्कलकोट आणि नळदुर्ग तासाभराच्या अंतरावर आहेत. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातला पाणीमहाल आणि पाऊस चांगला झाला की त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे ही स्थापत्य आणि पाणी यांची दुर्मीळ सांगड आहे. नाशिकहून भंडारदरा, सप्तशृंगी, बागलाणातील साल्हेर आणि नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी. जळगावहून चाळीसगावजवळची पाटणादेवी. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ, देवगिरी, पैठण आणि पितळखोरे, अशी प्रत्येक केंद्राची स्वतंत्र यादी तयार होते.

राज्याची सीमा आणि सहलीचा परीघही नेहमी जुळत नाहीत. बेळगावच्या मराठी कुटुंबांना पावसाळ्यातली आंबोली मुंबईकरांपेक्षा कितीतरी जवळची आहे, तर सोलापूरकरांना विजापूरचा गोल घुमट पुण्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर पडतो. मुंबईहून गोव्याकडे धावणारा प्रवासी मात्र सावंतवाडी आणि वेंगुर्ला ही नावे पाट्यांवरच वाचून पुढे जातो.

कधी : ऋतू, वार आणि तिथी

महाराष्ट्रात ऋतू सर्वत्र सारखा नसतो, ही बाब सहल आखताना सर्वाधिक विसरली जाते. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्याच्या माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास राहतो. जुलैमध्ये घाटमाथ्यावर दहा फुटांवरचे दिसत नसताना पूर्वेकडील पठारावर आल्हाददायक हवा असते. त्या काळात लेणी, किल्ले आणि मंदिरे पाहण्यासाठी मराठवाडा अत्यंत अनुकूल असूनही गर्दी मात्र धुक्यातल्या घाटांकडेच लोटते. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो आणि एरवी तो टाळावा असाच आहे, परंतु जंगलातले पाणवठे आटून वन्यप्राणी उरलेल्या पाण्याजवळ येत असल्यामुळे ताडोबात वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मे महिन्यांतच वाढते. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी हिवाळ्यात उतरतात; भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात काजव्यांचा खेळ मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत चालतो; आणि साताऱ्याजवळचे कास पठार ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धात फुलते. यांपैकी कोणत्याही ठिकाणी महिनाभर आधी किंवा नंतर गेलेल्याला नुसते माळरान, नुसते पाणी किंवा नुसता अंधार पाहून परतावे लागते.

ऋतूच्या आत वाराचा हिशेब असतो. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी, घारापुरी सोमवारी. ताडोबातील सफारी मंगळवारी बंद राहते आणि गाभा क्षेत्र पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात बंद असते. शनिवार-रविवारला सोमवारची सुट्टी जोडून आली असेल तर अजिंठा आधी आणि वेरूळ सोमवारी, हाच क्रम चालतो. उलटा क्रम लावणारी कुटुंबे शंभर किलोमीटर जाऊन बंद दरवाजापाशी पोहोचतात. शिवाय अजिंठ्याला खासगी वाहन फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढचे चार किलोमीटर बसने जावे लागते, त्यात वेळ मोडतो. ही दोन्ही स्थळे १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत आली, तेव्हापासून ती 'अजिंठा-वेरूळ' अशी एका दमात उच्चारली जात असली, तरी दोन्ही मिळून ६० हून अधिक लेणी आहेत आणि एका दिवसात ती उरकणे म्हणजे दोन्हींवर अन्याय करणे होय.

किनाऱ्यावर वारापेक्षाही तिथी महत्त्वाची ठरते. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो आणि ओहोटीला किनाऱ्यावरून चालत गाठता येतो. कोकण किनाऱ्यावरचे कोळी भरतीची वेळ काढण्यासाठी एक सोपा आडाखा वापरतात: तिथीच्या अंकाला तीनने गुणून चाराने भागावे, येणारी संख्या म्हणजे पूर्ण भरतीचा अंदाजे तास. अष्टमीला हे गणित सहा असे येते, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, तर ओहोटी भर दुपारी. पौर्णिमेला ते सव्वाअकरा येते आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी पडते. अष्टमीच्या आगेमागे येणारा शनिवार गाठला तर मुंबईहून सकाळी निघालेल्या कुटुंबाला किल्ल्यात शिरायला दुपार मोकळी मिळते. पौर्णिमेच्या शनिवारी तेच कुटुंब किनाऱ्यावर घोडागाडीवाल्याशी घासाघीस करत पाणी उतरण्याची वाट पाहते. पावसाळ्यात गेटवे ते मांडवा या मार्गावरच्या लहान प्रवासी बोटी, जंजिरा आणि सिंधुदुर्ग या जलदुर्गांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, नेरळहून चढणारी माथेरानची गाडीही बंद असते आणि केवळ अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी चालू राहते, हेही याच हिशेबात धरावे लागते.

संस्कृतीचे वेळापत्रक

सांस्कृतिक विविधता ही वास्तूंपेक्षा प्रसंगांत अधिक दिसते आणि प्रसंगांना स्वतःचे वेळापत्रक असते. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात मावळतीची किरणे गाभाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९ ते ११ तारखांना आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस असतो. सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीच्या सुमारास भरतो. सातपुड्यातील काठी येथील आदिवासींची राजवाडी होळी रात्रभर चालते. सोमवती अमावस्येला जेजुरी, अंगारकी चतुर्थीला अष्टविनायकाची गावे आणि गणपतीपुळे, आषाढीला पंढरपूर येथे जायचे तर त्या गर्दीचा भाग होण्याची तयारी ठेवून जावे. मंदिराचे शिल्प शांतपणे पाहायचे असेल तर त्या तिथी मुद्दाम टाळाव्यात.

या दृष्टीने झाडीपट्टीच्या रंगभूमीचा विचार उद्बोधक ठरतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर, धान घरात आल्यावर, गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि त्याच दिवसांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजे वडसा, हे या नाट्यव्यवसायाचे केंद्र आहे. नाटक मंडळ्यांची कार्यालये तेथे असतात आणि गावकरी तेथेच येऊन आपल्या गावासाठी प्रयोग ठरवतात. शेतात किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत मंडप उभारला जातो, रात्री उशिरा पडदा उघडतो, मधूनमधून लावण्या-गाणी होतात आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. नागपूरहून शनिवारी दुपारी निघणाऱ्याला रात्रीचा प्रयोग, रविवारी दुपारपर्यंत विश्रांती आणि वाटेत मार्कंडा किंवा नवेगावबांध असा बेत आखता येतो. परंतु त्यासाठी दिवसाची झोप हा सहलीचाच भाग मानावा लागतो आणि कोणत्या गावी प्रयोग आहे, हे त्या आठवड्यातच स्थानिकांकडून कळते. छापील सहलपुस्तिकांत न बसणारा हा अनुभव आहे आणि म्हणूनच तो त्यांत सहसा आढळत नाही.

खाद्यसंस्कृतीही अशीच प्रदेश आणि हंगाम यांना बांधलेली असते. नागपूरच्या हलबा कोष्टी समाजातून आलेली सावजी रश्श्याची तिखट धाटणी, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, खानदेशातले वांग्याचे भरीत आणि शेवभाजी, सोलापूरची कडक भाकरी व शेंगाचटणी, छत्रपती संभाजीनगरची नान-खलिया, मालवणातले कोंबडी-वडे आणि सोलकढी यांपैकी बरेच पदार्थ आता सर्व शहरांत मिळतात. पण हिवाळ्यात ज्वारीच्या शेतात आगटीवर भाजलेला हुरडा, भरीत पार्टीसाठी काटक्यांवर भाजलेली हिरवी वांगी किंवा गुहागरच्या घरातले मे महिन्यातले आमरसाचे पान त्या जागी आणि त्याच दिवसांत खावे लागते. आठवडी बाजाराचा दिवस विचारून बेत आखणे हा त्या मुलखाची ओळख करून घेण्याचा स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

वाहन, मुक्काम आणि खर्च

स्वतःची मोटार असणे ही या सहलींची पूर्वअट मानली जाते, पण ती तशी असण्याचे कारण नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस सोडणाऱ्या एसटीचे जाळे आजही खेड्यांपर्यंत पोहोचते. महिलांना तिकिटात निम्मी आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना संपूर्ण सवलत असल्यामुळे तीन पिढ्यांच्या कुटुंबाचा खर्च लक्षणीय उतरतो आणि जोडून सुट्ट्या आल्यास चार दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पास उपयोगी पडतो. अडचण शेवटच्या टप्प्याची असते: तालुक्याच्या गावापासून पायथ्याच्या वाडीपर्यंतची मुक्कामी गाडी दिवसातून एक-दोनदाच असते आणि ती चुकली की वडापची जीप किंवा रिक्षा, दोन्हींचे दर तोंडी ठरतात.

मुक्कामाचे पर्याय गेल्या दोन-तीन दशकांत वाढले आहेत. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने अनेकदा ठिकाणाच्या अगदी मोक्याच्या जागी आहेत. घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्याची 'न्याहारी व निवास' योजना आणि २०२० चे कृषी पर्यटन धोरण यांमुळे शेतकऱ्यांच्या घरी राहण्याला मान्यतेची चौकट मिळाली. तीर्थक्षेत्रांतील भक्तनिवास हा तर जुना, स्वच्छ आणि माफक पर्याय आहेच, मात्र तेथे शाकाहार, वेळा आणि वागणुकीचे नियम पाळावे लागतात. हॉटेलांचे शनिवारचे दर इतर वारांपेक्षा बरेच चढे असतात, म्हणून ज्यांना रविवार-सोमवार अशी सुट्टी घेता येते त्यांचा खर्च आणि त्रास दोन्ही कमी होतात.

वन्यजीव क्षेत्रांत मुक्काम आणि प्रवेश यांचा संबंध आधी समजून घ्यावा लागतो. ताडोबाची सफारी ठरावीक प्रवेशद्वाराची असते. मोहर्ली दारातून आरक्षण आणि कोलारा दाराजवळ राहण्याची सोय, असा बेत केल्यास पहाटेच्या अंधारात जंगलाला बाहेरून वळसा घालण्यातच फेरी हुकते. आधी प्रवेशद्वार, मग फेरी आणि शेवटी मुक्काम, हाच क्रम तेथे लावावा लागतो.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास गावाने याहून वेगळे प्रारूप उभे केले आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी चोरीला जाण्यापासून वाचवण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथे या शतकाच्या सुरुवातीला हाती घेतले आणि पुढे वनविभाग व ग्रामस्थ यांच्या सहभागातून कासव महोत्सव आकाराला आला. किनाऱ्यावर सापडलेली अंडी कुंपण घातलेल्या वाळूच्या वाड्यात पुरली जातात. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात आणि सकाळी व संध्याकाळी त्या जागेवर झाकलेल्या टोपल्या उघडून जी असतील ती समुद्राकडे सोडली जातात. एखाद्या सकाळी डझनभर पिल्ले निघतात, एखाद्या सकाळी टोपली रिकामी असते. पाहुण्यांनी गावातल्या घरांत राहावे, केळीच्या पानावर घरचे साधे जेवण जेवावे आणि पिल्ले न दिसल्यास बाणकोटचा किल्ला पाहून परतावे, अशी तेथील रीत आहे. मुंबई किंवा पुण्याहून वेळास चार तासांच्या मर्यादेबाहेर पडते. म्हणून शुक्रवारी रात्री निघून शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ अशा दोन संधी हाताशी ठेवणे हाच तेथला योग्य बेत ठरतो.

गर्दी आणि धारणक्षमता

कोणत्याही स्थळाला, त्याची आणि तेथील लोकांची हानी न होता, एका वेळी किती माणसे झेपतात या मर्यादेला 'धारणक्षमता' म्हणतात. आठवड्याच्या सुट्टीची मूळ अडचण अशी की, वर्षभराचा एकूण भार फारसा नसलेल्या जागेवरही तो मोजक्या शनिवार-रविवारी एकवटतो. यावर तीन प्रकारचे उपाय महाराष्ट्रात करून पाहिले गेले आहेत. पहिला संख्येच्या मर्यादेचा: पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि परिसरातील गावांच्या समित्यांकडे व्यवस्थापन अशी पद्धत बसवण्यात आली. दुसरा वाहनबंदीचा: माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि त्यामुळे गावाचे रूप बरेचसे टिकले, सिंहगडावर मात्र खासगी वाहने थांबवून विजेवरच्या बस चालवण्याचा २०२२ च्या मे महिन्यातील प्रयोग काही दिवसांतच गुंडाळावा लागला, कारण बंदीइतकीच पर्यायी सेवेची आणि वाहनतळाची तयारी लागते. तिसरा सरसकट मनाईचा: पावसाळ्यात धबधबे, धरणे आणि काही किल्ले यांवर जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढते.

या मनाईमागे कटू अनुभव आहेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ अचानक वाढलेल्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा बळी गेला. हे दोन्ही दिवस रविवार होते, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी डोक्यावर पाऊस नसतानाही वरच्या पाणलोटातल्या सरीने मिनिटांत वाढते, म्हणून पाणी गढूळ होऊ लागताच किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागताच पात्रातून बाहेर पडावे, हे स्थानिक गुराखीही सांगतो.

उपायांबाबत मतभेद आहेत आणि ते खरे आहेत. पर्यावरणाचे अभ्यासक संख्येची मर्यादा अधिक कडक करावी असे म्हणतात; पिठले-भाकरी, भाजलेली कणसे, घोडे आणि खोल्या यांवर ज्यांचे वर्ष चालते ते ग्रामस्थ, बंदीचा फटका धनदांडग्या रिसॉर्टला न बसता आपल्यालाच बसतो, असे दाखवून देतात. सरसकट मनाई ही प्रशासनाला सोपी असली तरी ती रविवारची गर्दी शेजारच्या, बंदी नसलेल्या आणि म्हणून बंदोबस्तही नसलेल्या ओढ्याकडे वळवते. गावाच्या हाती व्यवस्थापन आणि उत्पन्न देणारी कास व वेळासची पद्धत यांतल्या दोन्ही बाजूंना बऱ्याच अंशी सामावून घेते. तिलाही कुंपण, शुल्क आणि जमिनीच्या हक्कांवरून वाद चुकलेले नाहीत, तरीही आजवरच्या प्रयोगांत तीच अधिक टिकाऊ दिसते.

निष्कर्ष

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. साल्हेर नाशिक जिल्ह्यात, सिंधुदुर्ग राज्याच्या दक्षिण टोकाला आणि पन्हाळा कोल्हापूरजवळ अशी त्यांची विखुरलेली ठिकाणे पाहता, हे अकरा किल्ले 'पुण्याहून' पाहण्याची एकच यादी करण्याऐवजी नाशिक, मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग या केंद्रांतून ती वेगवेगळी मांडली गेली तर या मानांकनाचा लाभ अधिक गावांना होईल आणि रायगड, लोहगडावरचा ताणही हलका होईल. आजवरच्या सहलविषयक लेखनातील आणि प्रसिद्धीतील मुख्य उणीव हीच आहे: ते स्थळापासून सुरू होते, प्रवाशाच्या गावापासून आणि पंचांगापासून नाही.

दोन दिवसांच्या सहलीपुरते बोलायचे तर नियोजनाचा क्रम पुढीलप्रमाणे लावता येतो. आपल्या गावापासून चार तासांचा परीघ आखावा; त्या पंधरवड्यात त्या परिघात काय फुलले आहे, काय पिकले आहे, कोणती जत्रा आहे, भरती केव्हा आहे आणि काय बंद आहे ते पाहावे; उरलेल्या पर्यायांतून एकच तालुका आणि एकच मुक्काम निवडावा; प्रवेशाची नोंदणी असेल तर ती मुक्कामाच्या आधी करावी; आणि मुख्य हेतू फसला तर करण्याजोगी दुसरी गोष्ट त्याच तालुक्यात हेरून ठेवावी. या क्रमाने गेल्यास लोणावळा आणि महाबळेश्वर यादीतून बाद होत नाहीत, ती फक्त वर्षातल्या काही आठवड्यांपुरती आणि काही शहरांपुरती उरतात. वर्षाच्या ५२ शनिवार-रविवारांपैकी कामे, आजारपणे, परीक्षा आणि लग्ने वजा जाता एका कुटुंबाच्या हाती फार तर सहा-सात बेत येतात. ते दरवर्षी निरनिराळ्या ऋतूंत आणि आपल्याच परिघाच्या निरनिराळ्या दिशांना टाकले, तर दहा-पंधरा वर्षांत एका विभागाची नीट ओळख होते. संपूर्ण राज्य एका आयुष्याच्या शनिवार-रविवारांत बसणारे नाही, आणि हे मान्य करूनच त्याच्या एखाद्या भागाचा बेत खऱ्या अर्थाने आखता येतो.